कुठलं मुरू, ताई?

वरच्या गावातून
मार्च १८३४, रताळी काढायला घेतलीत

मिहिआता ताई,

आधीच सांगते, माझं लिहिणं बघून हसू नकोस. चुका खूप असतील. कुठं ह लिहायचा न् कुठं व, ते शिकायच्या आधीच मी तुमची शाळा सोडली. आणि हात फार हळू चालतो. सकाळपासून बसलेय तर मामी दोनदा ओरडून गेली, "अगं, लिहितेयस का लाकूड कोरतेयस?" पिसाची लेखणी बोटांत बसत नाही. कागद गोऱ्या व्यापाऱ्याकडून आणलाय. कडेचा तेलाचा डाग त्याचा आहे, माझा नाही.

तोंडानं मला जमत नाही, तुला माहितीये. चार माणसं बघितली की जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहिते. तुला रुतू म्हणणार नाही. ते नाव कोरोपी पाद्र्यानं तुझ्या डोक्यावर पाणी ओतून ठेवलं. आईनं ठेवलेलं मिहिआता होतं.

तुझा मातौ बुडाला त्या ऐतवारी तू प्रार्थनाघरात गुडघ्यावर होतीस. पाओरा दाजीपण आत. सगळेच आत. कोरोपीचा नियम, ऐतवारी होडी पाण्यात घालायची नाही, वल्ही त्याच्या कोठारात कुलपात. दुसरा कुठलाही वार असता तर धक्क्यावर माणसं असती. कुणी जाळं धूत असतं, कुणी वाम साफ करत असतं, कुणीतरी पोराला दंडाला धरून वर काढलं असतं न् दोन शिव्या हासडल्या असत्या. तुमच्या मिशनात ऐतवारी पाण्याकडं बघायला कुणी नसतं.

मी दोष द्यायला लिहीत नाही. देतेय खरी, पण कारण ते नाही.

कारण मुरूचं आहे. मातौला पुरलंत त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोहेरू मामानं सगळ्या गोताला मुरूला बोलावलं; ज्यांच्या हातून पोर गेलं त्यांचं घर गोतानं लुटायचं, हीच आपली रीत. दोन होड्या भरल्या. मामानं केसांना तेल लावलं, पिसं खोवली, आजोबांचा दंडा घेतला. मामीनं तोंडाला लाल माती फासली. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी वाटेत सगळ्या बायकांना सांगत होती, "ते लाल काठाचं कांबळं माझं हं. आधीच सांगते, मग भांडू नका." मी मागं रिकाम्या टोपल्या धरून बसले होते. मला वाटत होतं, आता ताईचं घर रिकामं होणार, कुऱ्हाड जाणार, लोखंडी हंडा जाणार, आरसा जाणार, डुकरं जाणार, मग तू न् मामी गळ्यात पडून रडाल. मग मोकळं होईल सगळं.

आपल्या बाबाचं आठवतं? त्यानं नेचा जाळायला आग लावली न् ती पसरत जाऊन पूर्वजांच्या जागेला लागली तेव्हा? लोकांनी आपल्या घराचं दारसुद्धा नेलं. आपण पावसाळाभर चटई लावून झोपलो. आणि बाबा वर्षभर छाती काढून फिरत होता, "मला जसं लुटलं तसं कुणाला लुटलं का रे?" ज्याच्याकडं कुणी मुरूला येत नाही तो माणूसच नाही, असं त्यानंच आपल्याला सांगितलेलं.

आणि तुझ्या दारात काय झालं?

फाटक बंद. पुढं कोरोपी काळ्या डगल्यात, हातात पुस्तक. "हे घर देवाचं आहे! चोरी पाप आहे!" ओरडताना त्याची आपली भाषा आणखीच मोडते. मामा म्हणाला, "ए काळ्या डगल्या, बाजूला हो. हे आमचं आमचं आहे. तुझ्या कोंबड्यांना आम्ही हात लावत नाही." बायका हसल्या. कोरोपी हलला नाही. तुमचे बाप्तिस्मा घेतलेले सगळे त्याच्यामागं रांगेत उभे राहिले. पाओरा दाजीपण. खाली बघत होता.

मग तू बाहेर आलीस. मला वाटलं फाटक उघडायला आलीस.

तू एक कांबळं आणलंस. लाल काठाचं नाही, जुनं, राखी. कुंपणावरून मामाच्या पुढ्यात टाकलंस न् म्हणालीस, "हे घ्या. मी प्रेमानं देते. बाकी काही तुमचं नाही."

मामा त्या कांबळ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "भिकारी समजलीस का गं आम्हाला?" मामी त्यावर थुंकली. मामा कुंपणाबाहेर खाली बसला. ओरडला नाही. मामा ओरडत नाही तेव्हा मला भीती वाटते. ऊन उतरल्यावर उठला न् आम्ही रिकाम्या टोपल्या घेऊन परत आलो.

ताई, तुझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता. मामीचे हात बघ, माझे बघ. आम्ही रीतीप्रमाणं पोराच्या शोकात शिंपल्यांनी कापून घेतलं, तुमच्या मिशनात ते पाप. तू त्याची आई, न् तू बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून उभी.

रताळी घरात आली की मामा परत एकदा यायला तयार आहे. मी त्याला कसंबसं म्हटलं. तू फक्त फाटकात उभी राहू नकोस. एवढंच मागते. मामी बटाटे विकायला खाली येते तेव्हा तिच्या टोपलीच्या तळाशी हे पत्र ठेवते. तिला वाचता येत नाही. तिला सांगू नको मी काय लिहिलं.

कीरी


एप्रिल १८३४

ताई,

तुझं पत्र आलं. अक्षर छान आहे. रेघा सरळ आहेत.

मी चुलीपासून लांब बसून वाचलं. मग मामानं विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "बरी आहे." कारण बाकी सगळं कोरोपीचंच बोलणं होतं. मामानं येऊ नये. तो आला तर कोरोपी तुम्हाला प्रार्थनाघरातून काढेल न् दाजीचं घर जाईल. मातौ आता देवाजवळ आहे, त्याला या जुन्या गोष्टींची गरज नाही. आणि शेवटी, "मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते, देवा आमच्या पापांचं मुरू कर."

ताई, हे लिहिताना तुझा हात थांबला नाही?

मी शाळा का सोडली ते तू घरी कधी सांगितलंस का? नाही ना. मीपण नाही. कोरोपीच्या बायकोनं मला खोक्यावर उभं केलं होतं, सगळ्यांपुढं प्रार्थना म्हणायला. मी म्हणत होते, हळू, पण म्हणत होते. "आमच्या पापांचं मुरू कर" आलं न् माझ्या डोळ्यांपुढं मामाच आला, तेल लावलेला, होडीतून, आमची पापं टोपलीत भरून नेताना. मला हसू आलं. ती म्हणाली, का हसलीस. माझ्या तोंडून गेलं, "देव कुठल्या होडीतून येणार?" आयुष्यात मी एकच गंमत केली चारचौघांत. सगळी पोरं खदखदली. तिनं मला तसंच खोक्यावर उभं ठेवलं, जेवणाची घंटा होईपर्यंत. तू शेजारच्या बाकावर होतीस. तूपण हसली होतीस, पोरांबरोबर. मग तिनं बघितलं तेव्हा तोंड पाडलंस.

मग ती समजवायला लागली, इथं मुरू म्हणजे लुटणं नाही, पुसून टाकणं, माफ करणं. मला तेव्हाही कळलं नव्हतं न् आताही कळत नाही. मुरू म्हणजे पुसणंच ना? लुटून पुसतात. सगळं नेतात म्हणजे मग मनात काही ठेवायला जागा उरत नाही. यांनी आपलाच शब्द घेतला, धुतला, न् आपल्यालाच परत दिला. आणि आता तो शब्द घेऊन आम्ही तुझ्या दारात आलो तर म्हणे चोरी.

रोज सकाळ-संध्याकाळ मुरू कर, मुरू कर म्हणतेस. आलं होतं की गं दारात. फाटक कुणी लावलं?

खाली नदीकाठच्या गावांत काय बोलतात ते ऐक. मामी तिसऱ्या गोळा करायला गेली तर तिथल्या बायका म्हणाल्या, "तुमच्या भाचीचं पोर गेलं म्हणे. मुरूला काय काय मिळालं?" मामी खाली वाकून वेचत राहिली. तर एक म्हणाली, "फारच लहान होतं वाटतं पोर." दुसरी म्हणाली, "नाहीतर गुलामाचं असेल." मामीनं टोपली तिच्या अंगावर ओतली. घरी आली न् भिंतीकडं तोंड करून पडली. आजोबांच्या आजोबांचं नाव होतं त्या पोराला. आणि बायका म्हणतात गुलामाचं.

मामा आता येणार नाही. म्हणाला, "दुसऱ्यांदा रिकामा आलो तर मला या नदीवर तोंड राहणार नाही." समजवायला हवं होतं त्याला. मला बोलता येतं कुठं.

पण मी काहीतरी ठरवलंय. ते लिहीत नाही.

कीरी


मे १८३४, थंडी पडलीये (गोऱ्यांच्या मुलखात म्हणे आता ऊन असतं)

ताई,

हे पत्र कदाचित कोरोपी आधी उघडेल. उघडू दे. माझं अक्षर त्याला लागायचं नाही.

काल ऐतवारी मी एकटी आले. मामाला सांगितलं नाही, मामीला सांगितलं नाही. जंगलातून चालत आले, कारण ऐतवारी होडी दिसली असती तर तुमच्यातल्या कुणीतरी ओरड केली असती. तोंडाला लाल माती लावली. मामानं असंच केलं असतं. केसांत एक पीस खोवलं, ते फांदीला अडकून कुठंतरी पडलं. घंटा झाली, सगळे आत गेले, तुमचं गाणं सुरू झालं. मी फाटकातून आले. फाटकाला साधी कडी आहे. एवढ्या कडीसाठी दोन होड्या माणसं परत गेली.

मुरूला आलेल्यानं दारात ओरडायचं असतं. मला ते करायचंच होतं. वाटभर तोंडातल्या तोंडात घोकत आले होते, "तुमचं पोर आमचं होतं, ते तुम्ही घालवलंत, आम्ही घ्यायला आलोय." दारात उभी राहिले न् आवाजच फुटेना. उंबऱ्यातच पुटपुटले. उंदरानं ऐकलं असेल नसेल.

आणि आत तू.

तू प्रार्थनाघरात का नव्हतीस, मी विचारलं नाही. तू चुलीपुढं बसली होतीस न् चूल विझलेली होती. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस, लाल मातीकडं. मला वाटलं आता हाक मारशील दाजीला. मी कुऱ्हाड उचलली. तू हलली नाहीस. खुंटीवरचा आरसा काढला. लाल काठाचं कांबळं पेटीवर होतं, ते घेतलं न् त्यात सगळं बांधलं. मला गाठ बसेना. मग तू उठलीस. मला वाटलं आता मारतेस.

तू गाठ बांधलीस. लहानपणी माझी टोपली बांधायचीस तशी, दोनदा फिरवून.

मग हंडा. मला तो एकटीला उचलेना. तू पाठ करून उभी राहिलीस, काहीतरी खुडबुडत होतीस पेटीशी, मग हंडा उचलून माझ्या पाठीवर दिलास न् पट्टा माझ्या कपाळाला लावलास. तेव्हा तुझी बाही वर सरकली.

ताई, किती आहेत गं. कोपरापर्यंत. काही जुने, काही अजून ओले.

मी पहिल्या पत्रात जे लिहिलं होतं ओरखड्याबद्दल, ते तू वाचलंस, न् उत्तरात त्यावर एक शब्द नाही. तू बाही खाली ओढलीस, बटण लावलंस न् म्हणालीस, "जा. गाणं संपत आलं."

एवढंच बोललीस. मी वाट पाहत होते. वाटलं गळ्यात पडशील.

घरी येऊन हंडा उतरवला तर आत खडखडलं. मातौचा भोवरा. मामानं त्याला करून दिलेला, कडेला नागमोडी नक्षी असलेला. तो मी घेतला नव्हता. मला तो दिसलासुद्धा नव्हता.

तो तूच ठेवलास ना?

मामाला सांगितलं सगळं. म्हणजे वस्तू दाखवल्या. भोवरा नाही, तो लपवला. आणि तुझे हात सांगितले नाहीत. मामा म्हणाला, "तू? एकटी? ओरडलीस का दारात?" मी म्हटलं, "हळू." मामी तेवढ्यात हसली, किती दिवसांनी. मामा हसला नाही. म्हणाला, "हे बघ पोरी, मुरू की चोरी, हे नेणाऱ्यानं सांगून चालत नाही. ज्याचं गेलं त्यानं सांगावं लागतं. मिहिआता काय म्हणते बघू."

म्हणून वाट बघतेय. आम्ही हंडा वापरलेला नाही.

कीरी


जून १८३४

ताई,

तू आलीस. कोरोपीच्या मागं, दाजीच्या पुढं, टोपी घालून.

मी घराच्या कोपऱ्यात होते, तुला दिसले का माहीत नाही. सगळं गाव अंगणात जमलं. कोरोपीनं मामाला विचारलं, "इथं मिशनातल्या चोरीच्या वस्तू आहेत?" मामा म्हणाला, "वस्तू आहेत. चोरीच्या का, ते तिला विचार." आणि सगळे तुझ्याकडं बघायला लागले. ताई, मला वाटलं, आता एक शब्द म्हणशील. खाली नदीकाठच्या बायकापण आल्या होत्या बघायला, त्याच त्या. एक शब्द म्हणाली असतीस की ते पोर त्यांच्या नजरेत मोठं झालं असतं.

कोरोपी म्हणाला, "रुतू, खरं बोल. ही मुलगी तुझ्या घरात शिरली?"

"हो."

"तू तिला हे दिलंस?"

"नाही. मी दिलं नाही. तिनं नेलं."

"मग?"

तू टोपीची नाडी सोडून परत बांधलीस, दाजी खोकला. आणि मग म्हणालीस, "मुरू झालं."

कोरोपीचा चेहरा उजळला. त्यानं हात वर केला, "ऐकलंत? हिनं माफ केलं! हेच आम्ही शिकवतो." न् मामानं मान वर केली, खाली वाकलेली त्याची मान कितीतरी दिवसांनी वर आली, तो त्या नदीकाठच्या बायकांकडं वळून म्हणाला, "ऐकलंत? मुरू झालं म्हणते." दोघंही तेच ओरडत होते. मामी कोरोपीकडं बोट दाखवून म्हणाली, "बघा, आता हाच सगळ्यांना सांगतोय मुरू कर, मुरू कर!" लोक हसून लोळायचे बाकी. कोरोपीला वाटलं आनंदानं हसतायत. तोपण हसला.

किती हुशार आहेस गं तू. एका शब्दात दोन्ही घरं राखलीस.

मला तेवढ्यावर बरं वाटलं होतं. खरंच. मी कोपऱ्यातून बाहेर यायला निघाले होते.

पण मग कोरोपी म्हणाला, "माफी मिळाली, आता वस्तू परत करा." न् तू पुढं झालीस. मुरूचं कुणी परत नेतं का? बाबानं दार परत मागितलं होतं का? मामा बघत राहिला. तू कुऱ्हाड दाजीच्या हातात दिलीस. आरसा काखेत घेतलास. कांबळं मामीच्या पायाशी होतं, ते वाकून उचललंस, मामीनं पाय काढायची वाट बघितलीस, शांतपणे. हंडा दाजीनं घेतला. हंडा उचलताना तू त्यात वाकून बघितलंस. मी बघत होते. हात आत घालून तळ चाचपलास.

कोरोपी म्हणाला, "सगळं आहे? आणखी काही?"

तू म्हणालीस, "एवढंच."

मग गेलात. नदीकाठच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, मग झालं की नाही झालं? मामीनं त्यांना हाकललं. मामा तिथंच बसला, पुन्हा न ओरडता. संध्याकाळी मला म्हणाला, "तुला लिहिता येतं ना? तिला विचार, कुठलं मुरू? त्यांचं की आपलं?"

म्हणून विचारते. कुठलं मुरू, ताई? तुमचं असेल तर मी माफ केलेली चोर आहे, न् गावातली पोरं मला तशीच हाक मारतात सध्या. आपलं असेल तर आख्ख्या पोराचं मुरू एक भोवरा झालं. हातात मावणारा. तोसुद्धा कुणाला दाखवता येत नाही असा, कारण दाखवला तर कोरोपी तुला विचारेल हंड्यात कुणी ठेवला, न् मग बाही वर करायला लावेल. मी दाखवणार नाही. मामालापण नाही. पण मला राग आहे. हे लिहून ठेवते, म्हणजे तू प्रार्थनेत माझं नाव घेशील तेव्हा तुला आठवेल. मी तुझं मुरू केलेलं नाही. कुठलंच.

आणि एक. मातौ तुमच्या कुंपणाआड पुरलाय, पाटीवर कोरोपीनं ठेवलेलं तामे हे नाव लिहून. वर्ष-दोन वर्षांत हाडं वर काढून घरी न्यायची वेळ येईल. ती पूर्वजांजवळ यायला हवीत. तेव्हा तरी फाटक तूच उघड. मला परत ऐतवारी, एकटीला, यायला लावू नकोस. मी येईन. कडी साधीच आहे.

बाही खाली ओढून ठेव. थंडीत जखमा चिघळतात, त्यावर कोरोपीच्या बायकोचं औषध लावू नकोस, मामी झाडाचा चीक लावते तो या पत्राबरोबर शिंपल्यात बांधून पाठवतेय. मामीला सांगितलं माझ्या पायासाठी हवाय.

थांब, बाहेर ओरडा चाललाय. खाडीच्या तोंडाशी देवमासा वाळूवर चढलाय म्हणे, प्रचंड, अजून जिवंत आहे, शेपूट आपटतोय. सगळे पळत सुटलेत, मामासुद्धा. मी पण निघाले, तू उत्तर मात्र लिही.

कीरी